मीठ-साखरेवाचून घास का उतरत नाही?

मराठी आणि कोकणीत ‘मीठ’ म्हणजे खारट पदार्थ. हिंदीत ‘मीठा’ म्हणजे गोड. गुजरातीत तर ‘मीठुं’ हा एकच शब्द नाम म्हणून मीठ आणि विशेषण म्हणून गोड असे दोन्ही अर्थ वाहतो. या साऱ्यांचे मूळ संस्कृतातील ‘मृष्ट’ किंवा ‘मिष्ट’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ रुचकर, चवदार. ज्यामुळे अन्न रुचकर होते ते मिष्ट. पुढे कोणी हा मान खारट स्फटिकाला दिला, कोणी मधुर रसाला. खारटपणाचा वाचक असलेल्या ‘लवण’ शब्दातून ‘लावण्य’ निघाले, तेही याच न्यायाने. ज्यात हा गुण नाही त्यासाठी मराठीने ‘अळणी’ हा शब्द ठेवला आणि तो अन्नापुरता न ठेवता भाषणाला, लेखनाला, स्वभावालाही लावला.

मीठ वा साखर घातल्यावाचून खाताच येत नाहीत असे पदार्थ प्रत्येक स्वयंपाकघरात असतात. वरण, आमटी, हुमण, सोलकढी, लिंबाचे सरबत, कारल्याची भाजी, आवळा, काजूचे बोंडू, कोरा चहा, कोको, ही यादी कितीही वाढवता येईल. तथापि हे सर्व पदार्थ एकाच कारणाने बेचव लागत नाहीत. कुठे कडूपणा झाकायचा असतो, कुठे आंबटपणा सोसवेल असा करायचा असतो, कुठे तुरटपणा मोडायचा असतो. कुठे मीठ आणि साखर चवीसाठी नव्हे, तर पदार्थ टिकवण्यासाठी पडते. आणि पुष्कळ ठिकाणी केवळ जिभेची सवय आड येते. रक्तदाब वा मधुमेहाचे निदान झाल्यावर ‘मीठ कमी करा, साखर बंद करा’ असा सल्ला घेऊन घरी आलेल्या माणसाला हा भेद कळला नाही, तर पथ्य पहिल्या आठवड्यातच मोडते. त्याहून वाईट म्हणजे वयस्कर माणूस पथ्य पाळतो आणि जेवणच कमी करतो.

एक भिरंड, दोन वाटा

गोमंतकात या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण भिरंडाचे, म्हणजेच कोकमाच्या फळाचे आहे. पिकलेले भिरंड दिसायला देखणे असते. गाभ्यातला गर थोडा गोडसर लागतो, पण खरे मोल सालीचे आणि ती साल नुसती तोंडात धरवत नाही इतकी आंबट. हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल हे तिच्यातील प्रमुख आम्ल. मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस तोंडावर आलेला असताना, हे फळ घराघरांत येते आणि तिथून त्याच्या दोन वाटा होतात.

पहिली वाट मिठाची. साली मिठात मुरवून त्यांचा गडद रस काढला की आगळ होते; साली त्याच रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात वाळवल्या की सोले होतात. दुसरी वाट साखरेची. अर्ध्या कापलेल्या साली साखरेने भरून बरणीत थर द्यायचे आणि काही दिवस उन्हात ठेवायचे. साखर सालीतील रस ओढून घेते आणि बरणीत लाल पाक जमतो. हे अमृत कोकम. फळ तेच, आम्ल तेच, ऊनही तेच.

या दोन्ही वाटांमध्ये मीठ आणि साखर एकच काम करीत असतात. पदार्थातील पाण्याला ती असे धरून ठेवतात की जिवाणू आणि बुरशी यांना वाढीसाठी मोकळे पाणी उरत नाही. मात्र दोघांची ताकद सारखी नाही. मिठाचा रेणू लहान असतो आणि पाण्यात पडताच त्याचे सोडियम व क्लोराइड असे दोन भाग होतात. साखरेचा रेणू त्याच्या जवळपास सहापट जड आणि तो अखंडच राहतो. त्यामुळे वजनाला वजन धरल्यास मीठ साखरेच्या दहापटीहून अधिक प्रभावी ठरते. लोणचे पंधरा-वीस टक्के मिठावर टिकते आणि मुरांब्याला वा जॅमला साठ टक्क्यांहून अधिक साखर लागते, ती यासाठीच. दगडाखाली दाबून मिठाच्या पाण्यात ठेवलेली चेपणी तोरे, खारवलेले फणसाचे गरे, खारवून सुकवलेली मासळी हे सारे पदार्थ पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी म्हणून जन्माला आले. चव ही नंतरची गोष्ट. ती त्या बेगमीतून जिभेला लागली.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. टिकवण्यासाठी घातलेले मीठ वा साखर निम्मी केली तर पदार्थ पथ्याचा होत नाही, तो नासतो. लोणचे कमी खारट घालण्यापेक्षा लोणच्याची फोड लहान करणे शहाणपणाचे. रक्तदाबाच्या रुग्णाला सोलकढी निरुपद्रवी वाटते. पण ती बाटलीतल्या आगळाची असेल तर वरून चिमूटभरही मीठ न घालता तिच्यात पुरेसे मीठ आधीच आलेले असते. सोलेही बहुधा मिठातूनच गेलेली असतात. ती धुऊन भिजत घातली आणि पहिले पाणी टाकून दिले तर खारटपणा बराच उतरतो, अर्थात त्याबरोबर थोडा आंबटपणाही जातो.

कडूपणावर मीठ

आयुर्वेदाने मधुर, आम्ल, लवण, कटू, तिक्त आणि कषाय असे सहा रस सांगितले. यात मराठी वाचकाची हमखास फसगत होते. संस्कृतातील ‘कटू’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू. मराठीत ‘कटू’वरून आलेला ‘कडू’ मात्र दुसऱ्याच रसाच्या घरात जाऊन बसला. आधुनिक शास्त्र गोड, आंबट, खारट, कडू या चार मूळ चवी मानते आणि पाचवी ‘उमामी’. जपानचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्रवनस्पतीच्या सारातून तिचा उगम असलेले ग्लुटामेट वेगळे केले. तिखटपणा आणि तुरटपणा यांना हे शास्त्र चवी मानीत नाही. पहिली दाहाची जाणीव आणि दुसरी स्पर्शाची.

गोड चव ओळखणारा ग्राहक जिभेवर मुख्यतः एकाच प्रकारचा आहे. कडू चवीसाठी मात्र माणसाकडे सुमारे पंचवीस प्रकारचे ग्राहक आहेत. निसर्गाची ही उधळपट्टी उगाच नाही. वनस्पतींमधील विषे नाना प्रकारची असतात आणि त्यांपैकी बरीच कडू असतात. गोडाचा अर्थ ऊर्जा, कडूचा अर्थ सावधान. तान्हे मूल जन्मतःच गोडाला तोंड पसरते आणि कडूला तोंड फिरवते. मिठाची आवड त्याला तेव्हा नसते. ती साधारण चौथ्या महिन्याच्या सुमारास दिसू लागते.

कारल्याला मीठ चोळून पिळून काढण्याची रीत जुनी. त्यात दोन क्रिया घडतात. मीठ फोडींतील पाणी बाहेर ओढते आणि त्यासोबत काही कडू द्रव्ये निघून जातात, हे सर्वांना ठाऊक असते. दुसरी क्रिया कमी ठाऊक आहे. उरलेले मीठ जिभेवर कडूपणाची जाणीवच दडपते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मोनेल केमिकल सेन्सेस सेंटर या संस्थेच्या पॉल ब्रेस्लिन आणि गॅरी बोशाम यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात याविषयीचा प्रयोग प्रसिद्ध केला. कडू युरिया आणि साखर यांच्या मिश्रणात त्यांनी सोडियमचा एक सौम्य क्षार मिसळला. कडूपणा उतरला आणि तेच मिश्रण अधिक गोड लागू लागले. क्षाराने गोडी वाढवली नव्हती. कडूपणाने दाबून ठेवलेली गोडी मोकळी केली होती.

हा प्रयोग घरी करता येतो. क्विनाइनमुळे कडू लागणाऱ्या टॉनिक वॉटरचे दोन पेले घ्यावेत आणि एकात मिठाची बारीक चिमूट विरघळवावी. मीठ घातलेला पेला खारट लागण्याआधीच कमी कडू आणि अधिक गोड लागतो. पुरणपोळीच्या कणकेत, नेवऱ्यांच्या पारीत, नारळाच्या गोड सारणात जुन्या बायका चिमूटभर मीठ टाकतात, कलिंगडावर वा पपनसावर मीठ भुरभुरतात, त्यामागे हेच सूत्र आहे. शिवाय मीठ द्रवातील सुगंधी द्रव्यांना हवेत ढकलते, म्हणून मीठ पडताच आमटीला वासही येतो. खारटपणा हे मिठाच्या अनेक कामांपैकी फक्त एक काम आहे. ज्याला आपण मिठाची चव म्हणतो, ती पुष्कळदा त्या पदार्थाचीच मोकळी झालेली चव असते.

गंमत अशी की मीठ स्वतःही कडू असू शकते. आगरवाडा, रायबंदर, नेरूळ, हडफडे या भागांतील मिठागरांत खाडीचे पाणी वाफ्यांतून फिरवत आटवले जाते, तेव्हा सोडियम क्लोराइडचे स्फटिक आधी पडतात आणि मॅग्नेशियमचे कडवट क्षार मागे राहिलेल्या पाण्यात उरतात. मिठाचे ढीग करून ते निथळू दिले की हे पाणी गळून जाते. न निथळलेले मीठ चवीला कडवट आणि पावसाळ्यात पाणी सुटणारे, कारण मॅग्नेशियम क्लोराइड हवेतील ओल शोषून घेते. वर्षभर जुने झालेले खडे मीठ लोणच्याला चांगले, असे जाणती माणसे म्हणतात, त्याला आधार आहे.

कडूपणा झाकण्याच्या या कलेला एक मर्यादा मात्र कटाक्षाने पाळली पाहिजे. कारले कडूच असायला हवे. दुधी भोपळा, काकडी, दोडका कडू असता कामा नये. ही फळे कधीमधी कुकुर्बिटासिन या द्रव्यांमुळे कडूजहर निघतात आणि ती विषारी असतात. कडू दुधीचा रस प्यायल्याने आपल्या देशात मृत्यू झाले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने रस काढण्यापूर्वी दुधीचा तुकडा चाखून पाहावा आणि कडू असल्यास फेकून द्यावा, असा सल्ला दिला. अशा दुधीत मीठ, साखर, मध, पुदिना घालून तो गळ्याखाली उतरवणे म्हणजे निसर्गाने वाजवलेली घंटा कापडात गुंडाळणे होय. शिजवल्यानेही हा कडूपणा जात नाही.

बोंडू, आवळा आणि तुरटपणा

काजूच्या हंगामात बोंडूच्या चकत्यांवर मीठ, कधी मिरचीपूड, लावून खाण्याची चटक गोव्यातील प्रत्येक पिढीला लागते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेले हे झाड इथले होऊन गेले, पण त्याच्या फळाचा तुरटपणा गेला नाही. बोंडूतील टॅनिन लाळेतील प्रथिनांना पकडून त्यांचा साका बनवते; लाळेचा बुळबुळीत लेप नाहीसा होतो आणि जीभ, टाळा, घसा खरखरीत झाल्यासारखे वाटते. ही स्पर्शाची बाब असल्याने निव्वळ साखर घालून ती जात नाही. मिठाने लाळ सुटते आणि घास सुसह्य होतो. बोंडूचे सरबत करणारे रसात साबुदाण्याची खळ मिसळतात. टॅनिन तिला धरून खाली बसते आणि वरचा रस निवळतो. चहात दूध घातल्यावर तो कमी तुरट लागतो, कारण टॅनिनला लाळेऐवजी दुधातील प्रथिने सापडतात.

जांभळावर मीठ, आवळ्यावर मीठ हे याच कुळातले. भूमध्य सागराकाठचे ऑलिव्ह तर झाडावरून काढून खाताच येत नाही. ओलेयुरोपीन नावाचे अतिकडू द्रव्य उतरण्यासाठी ते आठवडे, कधी महिने मिठाच्या पाण्यात ठेवावे लागते. बाटलीत विकत मिळणारे प्रत्येक ऑलिव्ह मिठातून आलेले असते.

अळू-तेऱ्याची गोष्ट वेगळी. घशाला सुटणारी खाज ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे असते आणि तिच्यावर मीठ-साखरेचा काही इलाज चालत नाही. तिथे सोले, चिंच वा आंबाडे आणि पुरेसे शिजवणे हाच उपाय.

अळणी ही चव की सवय?

कडू, आंबट, तुरट पदार्थांत झाकण्यासारखे काही तरी असते. पण वरण, बटाटा, अंडे, पेज यांत काय असते? काहीच नाही, हीच अडचण. शिजवलेल्या तुरीला कडूपणा नाही, आंबटपणा नाही. तरीही मीठ विसरलेले वरण पहिल्या घासाला ताटात परत येते. मात्र त्याच ताटातला भात बिनमिठाचा असतो, त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. कोकणात आणि गोव्यात भात अळणीच शिजवतात, कारण वर येणारे हुमण खारट-आंबट असते. उकड्या तांदळाची पेज अळणी असते, पण सोबत खारे वा लोणच्याची फोड असते. मीठ ताटात कुठे असावे, हे प्रत्येक समाजाने ठरवून टाकलेले असते.

इटलीतील टस्कनी प्रांताचा पाव या बाबतीत प्रसिद्ध आहे. तो परंपरेने बिनमिठाचा. बाहेरच्या माणसाला पहिला तुकडा पिठूळ, मेल्यासारखा लागतो. टस्कनीच्या माणसाला तो खारट हॅम आणि चीजसोबत खाण्यासाठी तसाच हवा असतो. पोदेराकडच्या पोयवर वाढलेल्या जिभेला तो रुचणार नाही आणि टस्कनीच्या माणसाला बिनमिठाच्या भाताचे नवल वाटणार नाही.

सवय किती दूर जाऊ शकते, याचा पुरावा १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ या पाहणीत आहे. ३२ देशांतील ५२ केंद्रांवर दहा हजारांहून अधिक लोकांच्या लघवीतील सोडियम आणि रक्तदाब मोजण्यात आला. ब्राझीलच्या ॲमेझॉन अरण्यातील यानोमामी लोकांच्या आहारात वरून घातलेले मीठ जवळजवळ नव्हतेच. केळी, कंद आणि शिकार यांवर ते जगत होते. त्यांचा रक्तदाब कमी होता आणि वयानुसार वाढतही नव्हता. त्यांच्या जगण्यात इतरही अनेक गोष्टी वेगळ्या होत्या, तेव्हा सारे श्रेय मिठाच्या अभावाला देणे घाईचे होईल. पण त्यांचे अन्न त्यांना अळणी वाटत नव्हते, एवढे तरी मान्य करावे लागते.

शहरी माणसाची जीभही वळते. १९८२ मध्ये मोनेल संस्थेच्या संशोधकांनी काही लोकांना पाच महिने कमी सोडियमच्या आहारावर ठेवले. हळूहळू त्यांना आवडणारे मिठाचे प्रमाणच खाली आले. सुरुवातीला जे सूप त्यांना बेताचे वाटले होते, ते शेवटी खारट वाटू लागले. हा बदल आठवड्यात होत नाही, त्याला दोन-तीन महिने लागतात. पथ्य सोडणारे बहुतेक जण पहिल्या पंधरवड्यातच सोडतात, म्हणजे नेमके जीभ वळण्याच्या आधी.

साखर आंबटपणा घालवत नाही

लिंबाच्या रसात साखर घातली की तो आंबट लागत नाही, पण त्याची आम्लता तसूभरही कमी झालेली नसते. साखर फक्त मेंदूपर्यंत पोहोचणारी आंबटपणाची जाणीव सौम्य करते. दातांना ही फसवणूक कळत नाही. कोला पेयांचा सामू २.५ च्या आसपास असतो, लिंबाच्या निव्वळ रसाहून फार दूर नाही. ते पाण्यासारखे पिता येते, कारण ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते. तीच साखर काढून टाकली तर तो पेला कोणी संपवणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेल्या साखरेसाठी सांगितलेली मर्यादा एकूण ऊर्जेच्या दहा टक्के, म्हणजे दोन हजार कॅलरींच्या आहारात सुमारे ५० ग्रॅम. त्याहून बरे म्हणजे पाच टक्के, २५ ग्रॅम. एका बाटलीत ही दुसरी मर्यादा ओलांडली जाते. हाच हिशेब अमृत कोकमालाही लागू आहे. घरचे आणि गावठी असल्याने त्यातील साखर कमी होत नाही.

चहा, कॉफी आणि कोको या तिघांचा इतिहास आणखी वेगळे काही सांगतो. ही तिन्ही पेये ज्या भूमीत रुजली, तिथे ती साखरेवाचूनच प्यायली जात. चिनी माणूस आजही चहात साखर घालत नाही. मध्य अमेरिकेतील माया आणि मेक्सिकोतील ॲझ्टेक लोक कोकोच्या बिया भाजून, वाटून, पाण्यात फेसाळून पीत. त्यात मिरची, व्हॅनिला, मक्याचे पीठ असे. साखर त्यात पडली ती स्पॅनिश विजेत्यांनंतर. साखरेशिवाय ही पेये घशाखाली उतरत नाहीत, हा अनुभव खरा असला तरी तो पेयाचा दोष नाही.

साखर काढून घेतली तर गोड पदार्थात काय उरते, हे पाहण्याची एक सोय आपल्या रानातच आहे. गुडमार किंवा मधुनाशिनी या वेलीचे पान चावून चघळले की त्यातील जिम्नेमिक आम्ले जिभेवरील गोड चवीच्या ग्राहकांना तात्पुरती अडवून ठेवतात. त्यानंतर तोंडात टाकलेली साखर वाळूसारखी लागते. गोड चहा कडवट, तुरट पाणी होतो आणि लाडू तुपात भाजलेले नुसते पीठ. अर्ध्या-एक तासात परिणाम ओसरतो. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी मात्र हा खेळ करू नये, कारण ही वनस्पती रक्तातील साखरेवर परिणाम करू शकते.

पथ्याचे ताट

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाकाठी पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभराहून कमी मीठ खावे. जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून अधिक आहे. अतिरिक्त मीठ काढण्याचा सर्वांत टोकाचा प्रयोग अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर यांनी १९४० च्या दशकात केला. तीव्र रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना त्यांनी पांढरा भात, फळे, फळांचे रस आणि साखर एवढ्यावरच ठेवले. रक्तदाबावरील प्रभावी औषधे नसलेल्या त्या काळात अनेकांचा रक्तदाब उतरला. पण मीठ गेले तेव्हा साखर आत आली, हे लक्षात घेण्याजोगे आहे, आणि इतक्या एकसुरी आहारावर फार काळ राहणे बहुतेकांना अशक्य होते.

घरगुती ताटात इतके टोक गाठण्याची गरज नसते. आधी लपलेले मीठ शोधावे. पापड, फरसाण, खारी, पाव, चोरीस, बालचांव, खारे, लोणची, झटपट नूडल्स यांत दिवसाच्या मर्यादेचा मोठा भाग निघून जातो आणि मग आमटीतील अर्ध्या चमच्यावरून घरात वाद होतात. आमटीचे मीठ दर आठवड्याला थोडे थोडे उतरवावे, एकदम तोडू नये. शिजताना घातलेले मीठ घासाच्या आत दडते, वरून भुरभुरलेले थेट जिभेला भेटते. म्हणून भाजीत वा सलाडमध्ये शेवटी घातलेले थोडेसे मीठही पुरते. आंबट चव मिठाची उणीव बऱ्याच अंशी भरून काढते. लिंबू, चिंच, कैरी, बिंबल, ताजे भिरंड ही सारी त्या कामाची. भाजलेला कांदा, टोमॅटो, ओले खोबरे, तिरफळ, लसणाची फोडणी यांनी घासाला धरण्यासारखे काही तरी मिळते. गोमंतकीय स्वयंपाक या बाबतीत सुदैवी आहे.

वयस्कर माणसांच्या बाबतीत अधिक जपावे लागते. वयाबरोबर वासाची आणि चवीची जाण मंदावते, काही औषधांनी तोंडाची चव जाते. त्यांना जेवण अळणी लागते ते केवळ मीठ कमी केल्यामुळे नसते. अशा वेळी आंबट, सुगंधी आणि गरम वाढलेले अन्न मिठापेक्षा जास्त उपयोगी पडते. तरीही ताटात अन्न उरू लागले आणि वजन उतरू लागले, तर पथ्य किती कडक ठेवायचे हे डॉक्टरांना पुन्हा विचारावे.

पर्याय म्हणून घरोघर येणाऱ्या दोन गोष्टींविषयी गैरसमज फार आहेत. सैंधव उपवासाला चालते, गुलाबी दिसते, महागही असते; पण ते बहुतांशी सोडियम क्लोराइडच आहे आणि रक्तदाबाला त्याच्या रंगाशी देणेघेणे नाही. शिवाय त्यात आयोडीन घातलेले नसेल तर ती उणीव वेगळीच. तीच गत गुळाची. गुळात थोडी खनिजे असतात, पण त्याचा मोठा भाग साखरेचाच असतो. माडाच्या काळ्या गुळाशिवाय पातोळ्या आणि मणगणे होत नाहीत हे खरे, त्याने मधुमेहाचा हिशेब बदलत नाही.

बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठाचे तसे नाही. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही प्रौढांसाठी त्याची शिफारस केली. पोटॅशियम क्लोराइड चवीला किंचित कडवट, धातूसारखे असते. आमटीत ते खपून जाते, ताकात मात्र जाणवते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते वापरू नये, कारण शरीराबाहेर न पडलेले पोटॅशियम हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते. रक्तदाबाच्या काही औषधांनीही शरीरातील पोटॅशियम वाढते. म्हणून असे मीठ घरात आणण्यापूर्वी चालू गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवावी, आणि एकाच डब्यातून साऱ्या घराचा स्वयंपाक होत असेल तर घरातील प्रत्येकाच्या प्रकृतीचा विचार त्याच वेळी करून घ्यावा.